यीस्ट, रक्तक्षय आणि परळची प्रयोगशाळा

बिअर तयार करण्याच्या कारखान्यात आंबवण्याची क्रिया पूर्ण झाली, की टाकीच्या तळाशी करड्या-पिवळसर रंगाचा दाट साका उरतो. हा साका म्हणजे यीस्ट या सूक्ष्म बुरशीच्या कोट्यवधी पेशींचा समूह होय. मोड आणलेल्या जवातील साखरेवर जगायचे आणि तिचे मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करायचे, हे या पेशींचे काम. ते करीत असतानाच त्या स्वतःची संख्याही अनेक पटींनी वाढवीत असतात. त्यामुळे पुढच्या खेपेसाठी विरजण म्हणून जेवढे यीस्ट लागते त्याहून कितीतरी अधिक यीस्ट प्रत्येक वेळी शिल्लक राहते. या शिलकीचे काय करावे, हा कारखानदारांपुढचा जुना प्रश्न होता. तिचा काही भाग गुरांच्या पोटात जाई, उरलेला वाया जाई.

यीस्टचा अर्क आटवला असता मांसाच्या अर्कासारखा चविष्ट पदार्थ मिळतो, हे एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी दाखवून दिले होते. १९०२ साली इंग्लंडमधील बर्टन या मद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी या कल्पनेवर एक कारखाना उभा राहिला. यीस्टमध्ये मीठ घालून ते ऊन ठेवले, की पेशी फुटतात आणि त्यांच्यातीलच पाचक द्रव्ये त्यांच्या प्रथिनांचे विघटन करतात. मग टरफले गाळून काढायची आणि उरलेला रस काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवायचा. ‘मार्माइट’ या नावाने विकला जाणारा हा काळसर, खारट पदार्थ पावाला लावून खाण्याची चाल इंग्लंडात पडली. त्याला मांसाचा वास येतो, परंतु त्यात मांसाचा अंशही नसतो.

पुढे १९१२ साली कासिमिर फुंक यांनी ‘व्हिटॅमिन’ ही संज्ञा रूढ केली आणि अन्नातील अत्यल्प प्रमाणातील द्रव्यांचा शोध सुरू झाला, तेव्हा यीस्टकडे शास्त्रज्ञांचे लक्ष नव्याने गेले. सुक्या यीस्टमध्ये वजनाच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्के प्रथिने असतात. त्याशिवाय ब गटातील बहुतेक जीवनसत्त्वे त्यात एकत्र आढळतात. बेरीबेरी टाळणारे थायमिन, त्वचा व तोंडाच्या कडा निरोगी ठेवणारे रायबोफ्लेविन आणि पेलाग्रा या रोगावर उपयोगी पडणारे निॲसिन ही त्यांतील प्रमुख होत. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्राची मोठी साथ होती. हा रोग संसर्गाने होत नसून अपुऱ्या आहाराने होतो, असे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, त्या वेळी त्यांच्या सल्ल्यावरून रेडक्रॉसने पूरग्रस्तांना यीस्ट वाटले. निॲसिन हेच पेलाग्रा बरे करणारे द्रव्य आहे, हे कळायला त्यानंतर आणखी दहा वर्षे जावी लागली.

औषध आधी सापडावे आणि त्यातील गुणकारी द्रव्य मागाहून, असा प्रकार यीस्टच्या बाबतीत पुन्हा एकदा घडला. या वेळी तो मुंबईत घडला.

परळ येथील जुन्या राजभवनाच्या इमारतीत १८९९ साली प्लेग प्रयोगशाळा आली. १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. गिरणगावाच्या मधोमध असलेल्या या संस्थेत, इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या वतीने, बाळंतपणातील मृत्यूंची चौकशी सुरू झाली होती. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत काही स्त्रियांना अतिशय तीव्र रक्तक्षय होई. चेहरा पांढराफटक पडे, अंगावर सूज येई, अन्नावरची वासना उडे, आणि पुष्कळदा प्रसूतीच्या आगेमागे मृत्यू ओढवे. या चौकशीत असलेल्या डॉ. मार्गारेट बॅल्फर यांच्या आमंत्रणावरून १९२८ साली लंडनहून एक स्त्री-डॉक्टर मुंबईस आल्या. त्यांचे नाव लूसी विल्स.

विल्स यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र यांचा अभ्यास केला होता. वैद्यकाकडे त्या वळल्या त्या पहिले महायुद्ध चालू असताना. मुंबईत आल्या तेव्हा त्या चाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी प्रथम रोगजंतूंचा शोध घेतला. तो हाती लागला नाही. तेव्हा रोगी स्त्रिया राहतात कोठे आणि खातात काय, हे पाहण्याचे त्यांनी ठरविले. एस. एन. तळपदे यांच्यासह केलेली मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची ही पाहणी १९३० साली प्रसिद्ध झाली. गिरणीत काम करणाऱ्या व अन्य गरीब स्त्रिया, विशेषतः पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान स्त्रिया, या रोगाला अधिक बळी पडतात आणि त्यांच्या आहारात भाजीपाला, फळे व चांगली प्रथिने यांची वाण असते, असे तीत दिसून आले. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिले असता तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या आढळत. लोहाच्या उणिवेने होणाऱ्या रक्तक्षयात याच्या उलट, पेशी लहान व फिकट असतात. म्हणजे हा रोग निराळा होता.

मोठ्या पेशींचा एक रक्तक्षय पाश्चात्त्य वैद्यकाला माहीत होता. त्याला ‘पर्निशस’ म्हणजे घातक रक्तक्षय असे म्हणत. १९२६ साली मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोग्यांना भरपूर यकृत खाऊ घालून तो आटोक्यात आणला होता. मुंबईच्या स्त्रियांचा रोग तोच असावा, असे वाटणे साहजिक होते. पण विल्स यांनी हे गृहीत धरले नाही.

गरीब स्त्रियांचा आहार त्यांनी गाभण उंदरांना दिला. उंदरांना रक्तक्षय झाला आणि ते पिले होण्यापूर्वीच मरू लागले. आहारात यीस्टचा अर्क मिसळला, की हा अनर्थ टळे. प्रयोग यशस्वी झाला असे वाटत असतानाच एक घोटाळा उघडकीस आला. उंदरांच्या अंगावरील उवांमधून त्यांना एका जंतूचा संसर्ग होत होता आणि तोही रक्तक्षयाला कारण होत होता. एवढे काम संशयास्पद ठरल्यावर दुसऱ्या कोणी विषय सोडून दिला असता. विल्स यांनी माकडांवर नव्याने प्रयोग मांडला. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांत तसाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय उत्पन्न झाला आणि मार्माइटने तो बरा झाला. प्रत्यक्ष रोगी स्त्रियांनाही हाच स्वस्त पदार्थ देण्यात आला. काही दिवसांतच त्यांची भूक परत येई, रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागत आणि पाठोपाठ पेशींची एकूण संख्याही वाढे. हे निष्कर्ष जून १९३१ मध्ये लंडनच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये प्रसिद्ध झाले.

यीस्टमधील गुणकारी द्रव्य कोणते, हे विल्स यांना ठाऊक नव्हते. पण ते कोणते नव्हे, हे मात्र त्यांनी पुढील काही वर्षांत निश्चित केले. यकृताचा ओबडधोबड अर्क या रोग्यांना लागू पडे. घातक रक्तक्षयावर हमखास चालणारा शुद्ध अर्क दिला, तर मात्र गुण येत नसे. अर्क शुद्ध करताना जे द्रव्य गाळून टाकले जात होते, तेच या स्त्रियांना हवे होते. यकृतात रक्तवर्धक द्रव्ये एक नव्हे, दोन आहेत, असा याचा अर्थ होता. त्यांतील दुसऱ्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

१९४१ साली अमेरिकेत काही टन पालकाच्या पानांपासून एक आम्ल अत्यल्प प्रमाणात वेगळे करण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्याला फोलिक आम्ल असे नाव मिळाले. १९४५ साली लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईत ज्याचा माग लागला, ते द्रव्य एका भारतीयाच्या देखरेखीखाली बाटलीत आले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. विल्स घटक तो हाच. याच द्रव्याशी साधर्म्य असलेले पण त्याचे कार्य अडविणारे एक रसायन सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी बनविले आणि ते वापरून सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला काही काळ तरी थोपवून दाखविले.

फोलिक आम्लाच्या उणिवेने पेशी मोठ्या का होतात, याचे उत्तर पेशींच्या वाढीत आहे. अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. पेशीचे दोन भाग व्हायचे तर तिच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्य आधी दुप्पट व्हावे लागते, आणि त्याचा एक घटक बनविण्यासाठी फोलिक आम्ल आवश्यक असते. ते नसेल तर पेशी वाढते, फुगते, पण वेळेवर विभागत नाही. गर्भवतीच्या शरीरात स्वतःच्या रक्ताबरोबर गर्भाच्या पेशींचीही झपाट्याने वाढ चालू असते. म्हणून तिची गरज सर्वांत मोठी आणि उणीव सर्वांत आधी तिच्यातच प्रकट होते. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या, हरभरा, चवळी, मूग ही कडधान्ये आणि यकृत यांत हे जीवनसत्त्व चांगल्या प्रमाणात असते. उष्णतेने ते नष्ट होते, आणि पाण्यातही उतरते. भाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी ओतून दिले, तर ज्यासाठी ती खायची तेच मोरीत जाते.

यीस्टच्या गुणांचा बोलबाला पुढे इतका झाला, की ते सर्व रोगांवरील औषध आहे अशी समजूत करून देणारी पुस्तके निघाली. वस्तुस्थिती एवढीच, की ज्याच्या आहारात ब गटातील जीवनसत्त्वांची वाण आहे त्याला यीस्टने निश्चित लाभ होतो; ज्याला ती पुरेशी मिळत आहेत त्याला अधिक यीस्टने अधिक बळ येत नाही. १९५९ साली श्वार्त्स आणि मर्त्स यांनी यीस्टमधील क्रोमियमचा संबंध रक्तातील साखरेशी जोडला, तेव्हापासून मधुमेहावर यीस्ट गुणकारी असल्याचे सांगण्यात येते. नंतरच्या संशोधनातून या समजुतीला भक्कम आधार मिळालेला नाही.

आपल्याकडील दोन गोष्टी मात्र विशेष ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली ज्वारीसंबंधी. मक्याप्रमाणेच केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांतही पेलाग्रा आढळतो, हे दख्खनमधील रोग्यांच्या अभ्यासातून दिसून आले. हैदराबाद येथे सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसीन या द्रव्याशी जोडला. या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला. भाकरीबरोबर डाळ, भाजी आणि दूध-ताक असेल तर चिंतेचे कारण नाही. चटणी-भाकरीवरच वर्ष काढणाऱ्याची गोष्ट वेगळी.

दुसरी गोष्ट शाकाहारासंबंधी आहे आणि ती अधिक गंभीर आहे. मायनट-मर्फी यांच्या यकृतातील द्रव्य १९४८ साली शुद्ध स्वरूपात मिळाले. तेच ब-१२ जीवनसत्त्व. ते यीस्टमध्ये नसते. कारखान्यात वरून मिसळले असेल तरच असते. जो मनुष्य मांस, मासे, अंडी खात नाही आणि दूधही फारसे घेत नाही, त्याला ब-१२ ची उणीव होण्याचा संभव असतो. अशा माणसाने यीस्ट किंवा फोलिक आम्ल भरपूर घेतले, तर त्याचे रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे उशिरा ध्यानात येतात आणि तोवर झालेली हानी कित्येकदा भरून येत नाही.

खाण्यासाठी यीस्ट नेहमी सुकवलेले, म्हणजे मृत असावे. पाव फुगविण्याचे जिवंत यीस्ट चमच्याने खाल्ले, तर त्याच्या पेशी आतड्यातील जीवनसत्त्वे देण्याऐवजी स्वतःच शोषून घेऊ शकतात. यीस्टमध्ये प्युरीन द्रव्ये विपुल असल्याने संधिवाताचा जो प्रकार रक्तातील युरिक आम्ल वाढल्याने होतो, त्याच्या रोग्याने ते टाळावे. यीस्टच्या अर्कात मीठ पुष्कळ असते, हे रक्तदाबाच्या रोग्याने विसरू नये. मानसिक विकारांवरील काही जुन्या औषधांबरोबर हा अर्क घेतल्यास रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जातो. अशी औषधे चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून तो तोंडात घालू नये.

विल्स १९६४ साली निवर्तल्या. त्यानंतर १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीने फोलिक आम्लाचा आणखी एक गुण सिद्ध केला. गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा यांतील काही जन्मजात व्यंगे त्याने पुष्कळ अंशी टळतात. मात्र गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते. पुष्कळ स्त्रियांना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीने आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे, असे सांगितले जाते.

आज गर्भवतीला यीस्टवर विसंबून राहावे लागत नाही, आणि तिने तसे राहूही नये. यीस्टच्या प्रत्येक डब्यात फोलिक आम्ल सारख्याच प्रमाणात नसते. शिवाय आपल्या स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा रक्तक्षय लोहाच्या उणिवेचा असतो आणि तो यीस्टने हटत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींना लोह आणि फोलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. २०१८ मध्ये आखलेल्या योजनेप्रमाणे गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस ती रोज एक घ्यावयाची असते. गोळीमुळे शौचाचा रंग काळा होतो आणि प्रारंभी थोडी मळमळही वाटते. एवढ्याच कारणाने पुष्कळ स्त्रिया ती मध्येच सोडून देतात. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. चहाबरोबर मात्र ती घेऊ नये. चहामुळे लोह अंगी लागत नाही.