पहिली मॅच देवाला, तिकिटाचे पैसे दलालाला

2025 चा पाडवा 30 मार्चला आणि आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबईची पहिली मॅच 31 ला. वेळापत्रक हातात आलं तेव्हाच ठरवलं होतं, गुढी उतरवायची आणि जामखेडहून रात्रीची पुण्याची गाडी धरायची. आदल्या वर्षी आपण सगळ्यांत खाली, चौदातल्या चारच जिंकलेल्या, वर हार्दिकला घरच्या मैदानावर हुर्यो. आता दिवस पालटणार याबद्दल मला तरी शंका नव्हती. चेन्नईत हरलो, अहमदाबादेत हरलो, बुमराह घरी. असू दे. 2013 पासून पहिली मॅच देवालाच देत आलो होतो आपण, आणि 2015 ला तर पहिल्या चार हरून कप आणलाय. त्यात समोर कोलकात्याचा कॅप्टन अजिंक्य रहाणे, आपल्या संगमनेर तालुक्याचा. म्हणजे कोणीही जिंको, जिल्ह्याचा माणूस डोळ्यांनी बघायला मिळणार.

आमच्या खर्ड्यातले लोक आजही विचारतात, "टीव्हीवर दिसत नव्हतं का?" त्यांना सांगून उपयोग नाही. पण एक ऐका. मी रस्त्यावरच्या कुणाला पैसे दिले नव्हते. ऑनलाइन विक्री उघडली तेव्हा फोन धरून रांगेत होतो. नंबर येईपर्यंत परवडणारी तिकिटं संपलेली. मग पाहुण्यांच्या ओळखीतला, पुण्यात राहणारा एक पोरगा पुढे आला. साडूच्या मुलाला त्यानंच आधी खरं तिकीट दिलेलं. "भाऊ, तुमच्यासाठी शब्द आहे आपला." दोन तिकिटांचे नऊ हजार, जास्तच होते, पण भाच्याला कबूल करून बसलो होतो.

गेटवर भाच्यानं फोनचा उजेड वाढवून धरला. मशीन लाल झालं. तिथला पोरगा म्हणाला, "काका, हे तिकीट आत गेलंय." मी म्हटलं, आम्ही तर बाहेर आहोत! त्यानं बाजूला उभं केलं. पाचच मिनिटांत आणखी एक कॉलेजचा मुलगा तसाच बाजूला आला. त्याच्या मोबाइलवर तोच स्टँड, तीच रांग, तोच सीट नंबर. आम्ही एकमेकांचे फोन शेजारी धरले आणि दोघंही गप्प झालो. एकाच तिकिटाचे फोटो किती जणांना विकले होते, देव जाणे.

तिकीट देणाऱ्याला फोन लावला. "नेटवर्कचा इश्यू असंल भाऊ, परत लावून बघा." परत लावला तर, "मीटिंगमध्ये आहे." रात्री साडेसातला मीटिंग! त्यानंतर बंद. आणि थोड्या वेळानं त्याचं स्टेटस पडलं: निळी जर्सी, मागं वानखेडेचे दिवे. पैसे बुडाले त्याचं जेवढं लागलं नाही, तेवढं ते स्टेटस लागलं.

मॅच आम्ही बाहेर फुटपाथवर मोबाइलवर बघितली. आतला ओरडा आधी यायचा, चित्र मागून. अश्वनी कुमारनं आयपीएलमधल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर रहाणेला काढलं, ते आधी कानाला कळलं. कोलकाता 116 त गारद, आपण आठ गडी राखून जिंकलो. भाचा नाचला. रोहितचा 45 नंबर पाठीवर घालून फुटपाथवर नाचणारं पोर बघून मला काय वाटलं ते लिहीत नाही.

तर आता जाणाऱ्यांसाठी. तिकिटाचा फोटो म्हणजे तिकीट नव्हे. ज्या अॅपवर घेतलंय, त्यातूनच तुमच्या नंबरवर ट्रान्सफर करून मागा. ते होत नसेल तर विकणाऱ्याला गेटवर बोलवा आणि आत पाय पडल्यावर पैसे द्या. येत नाही म्हणाला, की समजा. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव कुणाचं येतं ते बघा. आमच्या वेळी भलत्याच बाईचं आलं, तर म्हणे "वहिनीचं खातं आहे." फसलात तर रडत बसू नका, त्याच मिनिटाला सायबर हेल्पलाइनच्या 1930 ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकले नसतील तर अडवता येतात. व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा आणि रागाच्या भरात चॅट पुसू नका. पाण्याची बाटली, पॉवर बँक गेटवर काढून घेतात, ते नेऊच नका. आणि ओळखीतला आहे म्हणून विश्वास ठेवू नका, ओळखीतलेच जास्त गोड बोलतात.

आमच्या खर्ड्याला शब्द देऊन बुडवणं नवीन नाही म्हणा. 1795 ला इथंच मराठ्यांकडून निजाम हरला, तीन कोटी द्यायचं कबूल करून गेला. त्याच वर्षी पेशवे सवाई माधवराव गेले, पुण्यात गोंधळ माजला आणि त्यातलं बरंचसं बुडालं. तिथं तर लेखी तह होता.

यंदा त्या तिकीटवाल्याचा पुन्हा मेसेज आला: "भाऊ, मागचे पैसे या सीझनला अॅडजस्ट करू, फक्त वरचे दोन हजार टाका." मी उत्तर दिलं नाही, स्क्रीनशॉट काढून तेव्हा केलेल्या तक्रारीला जोडला. तक्रार कशी लिहायची हे कुणाला कळत नसेल, तर माझी प्रत आहे. झेरॉक्स देईन.