विहिरीत उतरण्यापूर्वी

उन्हाळ्यात गावोगावी विहिरींचा गाळ काढण्याची कामे निघतात. पडीक विहीर, गोबरगॅसची टाकी वा शौचालयाची मैलाटाकी वरून निरुपद्रवी दिसते. परंतु तेथील हवा प्राणघातक असू शकते. मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. बंदिस्त जागेत कुजणाऱ्या पदार्थांमुळे तो घटतो आणि हवेहून दीडपट जड असा कार्बन डायॉक्साइड तळाशी साचतो. मैल्यातील हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढताच घ्राणशक्तीच बधिर होते. म्हणून वास न येणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही अपुरी आहे. विषारी वायूतही ज्योत तेवत राहू शकते. मिथेन असल्यास तीच स्फोट घडविते.

यास्तव कामापूर्वी ग्रामपंचायतीने पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत :

१. माणूस न उतरविता काम होईल काय?
२. वायुमापकाने तळापर्यंत हवा तपासली काय? प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी असल्यास उतरू नये.
३. हवा खेळती ठेवण्याची सोय आहे काय? पाणी उपसण्याचे इंजिन बाहेरच आहे काय?
४. कमरपट्टा, दोर आणि वर सतत लक्ष ठेवणारी माणसे आहेत काय?

संरक्षक साधनांशिवाय मैलाटाकीत माणूस उतरविणे २०१३ च्या केंद्रीय कायद्याने दंडनीय आहे.

अशा दुर्घटनांत पहिल्यास वाचविण्यास धावलेला दुसराही अनेकदा दगावतो. कोणी कोसळल्यास त्याच्यामागे उतरू नये. दोराने वरूनच ओढावे व अग्निशमन दलास पाचारण करावे.