गाळणक्रिया आणि बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा

बऱ्हाणपूर शहर तापीच्या काठी वसलेले आहे. तथापि मोगल अमदानीत तेथील पिण्याच्या पाण्याची योजना नदीवर विसंबून आखली गेली नाही. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, इ. स. १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडविले व भुयारातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे नेले. हाच कुंडी भंडारा होय. त्याच्या भुयारावर शंभराहून अधिक कुंड्या आहेत.

द्रवात तरंगणारे घन कण सच्छिद्र माध्यमाच्या साहाय्याने वेगळे करणे म्हणजे गाळण. छिद्राहून मोठा कण तेवढा अडतो, हा समज फडक्यापुरताच खरा आहे. परंतु तेवढ्यानेही मोठे कार्य होते. नारूचे जंतुक वाहून नेणारा सायक्लॉप्स हा सूक्ष्म जलचर दुहेरी फडक्यात अडकतो. २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला, त्यात या साध्या उपायाचा वाटा मोठा होता.

वाळूच्या व मातीच्या थरात निराळे घडते. दाण्यांमधील पोकळीहून कितीतरी लहान कणही वाकड्यातिकड्या वाटेने जाताना दाण्यांना चिकटून राहतात. त्यासाठी प्रवाह संथ असावा लागतो. भेगाळ खडकातून पाणी वेगाने धावते आणि गाळण अपुरे होते. म्हणून झऱ्याचे पाणी नितळ दिसले तरी ते जंतुरहित असेलच असे नाही. उघड्या कुंडीत तर वरून घाण पडण्याचा धोका असतोच. असे पाणी उकळून अथवा त्यात योग्य प्रमाणात विरंजक चूर्ण मिसळूनच प्यावे.

विरघळलेले पदार्थ मात्र गाळणीने अडत नाहीत. भूजलात मुरलेल्या कर्बवायूमुळे चुना विरघळून राहतो. भुयारात पाण्याला हवा लागताच तो वायू निसटतो आणि चुना भिंतींवर पांढऱ्या पुटांच्या रूपाने बसतो. कुंडी भंडाऱ्यात ही पुटे स्पष्ट दिसतात. ती जाड होत गेली म्हणजे पाणी झिरपण्याच्या वाटा बुजतात व आवक घटते. त्यामुळे मूळ दगडाला इजा न करता ती वेळोवेळी खरवडून काढावी लागतात.