लंडनचे रॉयल अल्बर्ट सभागृह व प्रतिध्वनीचा पाठ

ध्वनीचे परावर्तन शिकविताना विहिरीत हाक मारण्याचे किंवा कड्यासमोर टाळी वाजविण्याचे उदाहरण बहुतेक शिक्षक देतात. ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे प्रतिध्वनी ही केवळ गमतीची गोष्ट होय, असा ग्रह मुलांच्या मनात राहून जातो. मोठ्या वास्तूत हाच प्रतिध्वनी केवढे संकट होऊन बसतो व त्याच्या परिहारास किती काळ लागतो, हे लंडन शहरातील रॉयल अल्बर्ट सभागृहाच्या इतिहासावरून दाखविता येते. इयत्ता 6 वी व 7 वीच्या वर्गांत इतिहास, विज्ञान व गणित यांचा समवाय साधण्यास हा विषय सोयीचा आहे.

1851 साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये सर्व राष्ट्रांच्या उद्योगधंद्यांचे भव्य प्रदर्शन भरले. राणी व्हिक्टोरियाचे पती राजपुत्र अल्बर्ट हे त्याचे एक प्रमुख प्रवर्तक. प्रदर्शनास सुमारे 1,86,000 पौंड नफा झाला. त्यातून दक्षिण केन्सिंग्टन भागात जमीन घेऊन तेथे कला व विज्ञान यांच्या संस्था आणि एक मध्यवर्ती सभागृह उभारावे, अशी त्यांची कल्पना होती. 1861 साली ते निवर्तले. सभागृहाचा आराखडा कॅप्टन फ्रान्सिस फौक या सैनिकी अभियंत्याने तयार केला. 1865 साली तोही वारला आणि हेन्री स्कॉट या दुसऱ्या सैनिकी अभियंत्याने काम तडीस नेले. द्रव्य उभे करण्यासाठी बसण्याच्या जागा प्रत्येकी 100 पौंडांस 999 वर्षांच्या पट्ट्याने विकण्यात आल्या. आजही सुमारे 5,270 जागांपैकी जवळजवळ पाव हिस्सा अशा खाजगी हक्काचा आहे. कला व विज्ञान सर्वांसाठी म्हणून बांधलेल्या वास्तूत ही विषमता पायापासूनच शिरली, हे वरच्या वर्गांत चर्चेस घेण्याजोगे आहे.

20 मे 1867 रोजी राणीच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. इमारतीचा आकार लंबवर्तुळाकृती असून बाहेरून तिची लांबी 83 मीटर व रुंदी 72 मीटर आहे. शाळेच्या अंगणात दोन खुंट्या रोवून, त्यांभोवती दोरीचा सैल फास टाकून काठीने रेघ ओढविल्यास हा आकार मुलांच्या हाताखालून निघतो. घुमट लोखंडी फासळ्यांचा व काचेचा, उंची 41 मीटर. त्याचा सांगाडा प्रथम मँचेस्टर येथे जुळवून पाहण्यात आला, मग सुटा करून घोडागाड्यांतून लंडनला आणण्यात आला. खालचा आधार काढून घेण्याची वेळ आली तेव्हा घुमट कोसळेल या भीतीने स्वेच्छेने थांबलेल्यांखेरीज सर्वांस दूर पाठविण्यात आले. घुमट खाली आला खरा, पण अवघा 8 मिलीमीटर! हा प्रसंग सांगताना घाई करू नये.

29 मार्च 1871 रोजी उद्घाटन झाले. राणीस भावनावेगामुळे बोलवेना, म्हणून युवराजांनी सभागृह खुले झाल्याचे जाहीर केले. त्याच समारंभात दोष उघडकीस आला. प्रत्येक स्वर घुमटावर आपटून पुन्हा ऐकू येई. आपली रचना येथे दोनदा ऐकावयास मिळते, असा विनोद पुढे संगीतकारांविषयी रूढ झाला.

कारण फळ्यावर मांडून दाखवावे. ध्वनी हवेत सेकंदास सुमारे 340 मीटर जातो. दोन आवाज निराळे ओळखण्यास कानाला सुमारे एक दशांश सेकंदाचे अंतर लागते, म्हणून 17 मीटरांहून दूरच्या भिंतीचा प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. 41 मीटर उंच छपरापर्यंत जाऊन परतण्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो. शिवाय छप्पर आतून खोलगट असल्याने आवाज विखुरण्याऐवजी एकवटतो. विजापूरचा गोलघुमट सहलीत पाहिलेल्या मुलांस हे चटकन पटेल. तेथे जे नवल म्हणून लोक पाहावयास जातात, तेच लंडनमध्ये गायनास बाधक ठरले.

प्रथम घुमटाखाली कापडी छत ताणण्यात आले. त्याने काहीसा गुण आला, पण दोष हटला नाही. 1941 साली बॉम्बवर्षावात क्वीन्स हॉल जळाल्यावर तेथील प्रसिद्ध उन्हाळी संगीतमाला या सभागृहात आली, आणि प्रश्न अधिकच निकडीचा झाला. 1949 साली कापडाच्या जागी अॅल्युमिनियमचे पन्हाळीदार पत्रे बसविण्यात आले. अखेर ध्वनिमापनाचे प्रयोग करून 1969 साली काचतंतूंच्या 135 तबकड्या छताखाली टांगण्यात आल्या. लोक त्यांना अळंब्या म्हणतात. 2001 साली त्यांची संख्या 85 करण्यात आली. म्हणजे इमारत चार वर्षांत उभी राहिली, परंतु तीत नीट ऐकू येण्यास 98 वर्षे लागली. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1974 साली, लता मंगेशकर यांचे गायन तेथे झाले, हे मुलांस अवश्य सांगावे.

सभागृहात खेळही होतात. मुष्टियुद्ध, टेनिस, आणि ऑक्टोबर 1991 मध्ये पाच दिवस जपानी सुमो कुस्त्याही झाल्या. 1909 साली तेथे मॅरेथॉन शर्यत झाली, तीत आतल्या आत 524 फेऱ्या होत्या. मॅरेथॉनचे अंतर 42,195 मीटर धरून एका फेरीची लांबी मुलांकडून काढवावी. उत्तर सुमारे 80.5 मीटर येते.

आता आपल्या शाळेकडे वळावे. गिलावा केलेल्या मोठ्या, रिकाम्या खोलीतही शब्द घुमतात, आणि त्याचा उपद्रव मागच्या ओळीस होतो. श्रुतलेखनात 'वात' व 'वाद', 'पाट' व 'पाठ' यांची गल्लत करणारे मूल मंद समजले जाते. वस्तुतः त्याला तो शब्द स्पष्ट पोचलेलाच नसतो. उच्च इयत्तेच्या मुलांकडून पुढील प्रयोग करवावा. एके दिवशी नेहमीप्रमाणे दहा शब्दांचे श्रुतलेखन घ्यावे. दुसऱ्या दिवशी मागच्या व बाजूच्या भिंतींवर गोणपाट किंवा जुन्या सतरंज्या टांगून, तेवढ्याच आवाजात, तितकेच कठीण दुसरे दहा शब्द सांगावेत. दोन्ही दिवसांच्या चुका ओळीवार मोजून तक्ता भिंतीवर लावावा. त्याच ओळीतील एखाद्या मुलाच्या चुका दुसऱ्या दिवशीही कमी न झाल्यास त्यास पुढच्या बाकावर बसवावे व त्याचे कान प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावेत.