बॅकलिंक म्हणजे काय? वेबसाइटसाठी लिंक कशा मिळवाव्यात आणि कोणत्या विकत घेऊ नयेत



गेल्या आठवड्यात एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. दापोली तालुक्यात समुद्राकाठी त्याचं गाव आहे. घरामागच्या चार खोल्या नीटनेटक्या करून त्याने पर्यटकांसाठी होमस्टे सुरू केलाय. वेबसाइटही बनवून घेतली. पण गुगलवर शोधलं की ती कुठेतरी चौथ्या-पाचव्या पानावर सापडते. तो म्हणाला, "बाई, एक जण म्हणतोय अठरा हजारात दोन हजार बॅकलिंक देतो. दोन महिन्यांत साइट पहिल्या पानावर. देऊ का पैसे?"

मी म्हटलं, थांब, पैसे भरू नकोस, आधी माझा एक पाठ वाच. खरं तर तो पाठ लिहिलेलाच नव्हता. तो आज लिहितेय. असेच मेसेज आपल्यापैकी ब्लॉग चालवणाऱ्या बऱ्याच शिक्षकांनाही येतात, त्यामुळे सगळ्यांनाच उपयोग होईल.

बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटवरून तुमच्या पानावर येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. तुम्ही तुमच्याच ब्लॉगवर एका पाठातून दुसऱ्या पाठाची लिंक देता, ती अंतर्गत लिंक. तीही वाचकाच्या सोयीची असते, पण आजचा विषय तो नाही.

एक गैरसमज आधीच दूर करते. आपण शिक्षकांच्या पन्नास व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोस्टची लिंक टाकतो आणि म्हणतो, 'पन्नास बॅकलिंक झाल्या'. तसं होत नाही. ग्रुपमधले मेसेज गुगलला दिसतच नाहीत. वाचक येतात, ते चांगलंच आहे, पण ती बॅकलिंक नव्हे.

आता गुगलला या लिंकचं एवढं कौतुक का? त्यासाठी थोडं मागे जाऊ. शास्त्रज्ञ शोधनिबंध लिहितात तेव्हा आधीच्या कुणाच्या कामाचा आधार घेतला ते नमूद करतात. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानातल्या अशा संदर्भांची मोठी सूची छापायला सुरुवात केली. कोणत्या निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला, हे त्यातून मोजता येऊ लागलं. पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी हाच विचार इंटरनेटला लावला. एका पानाने दुसऱ्याची लिंक देणं म्हणजे त्याच्याबद्दल चांगला शब्द टाकणं. त्यांच्या शोधयंत्राचं सुरुवातीचं नावच 'बॅकरब' होतं. १९९८ मध्ये त्यांनी निबंध लिहून ही पद्धत मांडली. तिचं नाव पेजरँक, आणि त्यातलं 'पेज' हे लॅरी पेज यांच्या आडनावावरून आलं आहे.

पेजरँकचं छोटं गणित

वही-पेन घ्या, पाचवीचं गणित आलं की पुरे.

समजा, जगात तीनच पानं आहेत : क, ख आणि ग. 'क' पान ख आणि ग दोघांची लिंक देतं. 'ख' पान फक्त ग ची लिंक देतं. 'ग' पान फक्त क ची लिंक देतं. प्रत्येकाला सुरुवातीला १ गुण देऊ. नियम एवढाच : प्रत्येक पानाने आपले गुण, ज्यांची लिंक दिली त्यांच्यात सारखे वाटायचे.

पहिल्या फेरीत क ला ग कडून १ मिळाला. ख ला क चा अर्धा वाटा, म्हणजे ०.५. ग ला क कडून ०.५ आणि ख कडून १, असे १.५. दुसऱ्या फेरीत हेच नवे गुण परत वाटायचे. आता क ला १.५, ख ला ०.५ आणि ग ला १. असं करत राहिलं की आकडे हळूहळू स्थिर होतात : क १.२, ख ०.६, ग १.२.

आता नीट बघा. ग ला दोन लिंक आल्या होत्या, क ला फक्त एक. तरी दोघांचे गुण सारखे! कारण क ला आलेली ती एकच लिंक वजनदार पानाची आहे आणि त्या पानाने आपले सगळे गुण त्यालाच दिलेत. ख लाही एकच लिंक आली, पण देणाऱ्याने अर्धा वाटा दुसऱ्याला दिलाय. म्हणजे किती लिंक आल्या यापेक्षा कुणाच्या आल्या, आणि त्या देणाऱ्याने आणखी किती जणांत वाटणी केली याला महत्त्व. गावात शंभर अनोळखी माणसांनी 'हा पोरगा चांगला आहे' म्हणणं आणि हेडमास्तरांनी एकदा म्हणणं, यात फरक असतोच ना.

मूळ सूत्रात अजून एक गोष्ट आहे. इंटरनेटवर फिरणारा माणूस कायम लिंकमागून लिंक दाबत बसत नाही, कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. म्हणून वाटायचे गुण ०.८५ ने गुणायचे आणि प्रत्येक पानाला ०.१५ गुण फुकट द्यायचे. आपल्या उदाहरणात मग क १.१६, ख ०.६४ आणि ग १.१९ होतात. करून बघा, दहा-पंधरा फेऱ्यांत जमतं.

त्या ०.१५ मधली पळवाट

सगळा लिंकचा बाजार या फुकटच्या ०.१५ वर उभा राहिला, असं मला वाटतं. कसं ते सांगते. ज्या पानाची लिंक कुणीच देत नाही, त्यालाही ०.१५ गुण आहेतच. त्याने फक्त तुमचीच लिंक दिली, तर तुम्हाला ०.१५ चे ०.८५ पट, म्हणजे ०.१२७५ गुण मिळतात. क्षुल्लक वाटतं? अशी एक हजार रिकामी पानं बनवा. १२७.५ गुण झाले! आणि रिकामं पान बनवायला ना अक्कल लागते ना पैसे.

हे ओळखून लोकांनी रिकाम्या पानांचे कारखानेच काढले. त्यांना लिंक फार्म म्हणतात, म्हणजे लिंकची शेती. ब्लॉगखालच्या प्रतिक्रियांत जाहिराती चिकटवणारेही याच धंद्यातले. २००५ च्या जानेवारीत गुगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'नोफॉलो' नावाची खूण मान्य केली. लिंकला ही खूण असेल तर तिचे गुण पुढे द्यायचे नाहीत. २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी 'यूजीसी' अशा वेगळ्या खुणा आल्या. विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या लिंकलाही नोफॉलो असतं. तेव्हा 'विकिपीडियाची लिंक मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी हे लक्षात असू द्या.

लिंकच्या शब्दांचंही असंच झालं. ज्या शब्दांवर लिंक असते, ते शब्द त्या पानाचं वर्णन आहे असं गुगल धरतं. २००३ मध्ये बऱ्याच लोकांनी ठरवून 'मिझरेबल फेल्युअर' म्हणजे 'दयनीय अपयश' या शब्दांवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या अधिकृत परिचयाची लिंक दिली. त्या परिचयात हे शब्द नव्हतेच. तरी ते शब्द शोधले की बुशसाहेब पहिल्या क्रमांकावर! गुगलने यावर उपाय केल्याचं जाहीर केलं ते थेट २००७ च्या जानेवारीत.

जे. सी. पेनीची गोष्ट

हे सगळं छोट्या लोकांचं असतं असं समजू नका. जे. सी. पेनी ही १९०२ साली सुरू झालेली अमेरिकेतली मोठी दुकानांची साखळी. २०१० च्या शेवटी, ऐन नाताळच्या खरेदीत, 'ड्रेसेस' पासून 'बेडिंग' पर्यंत काहीही शोधा, गुगलवर जे. सी. पेनी पहिली. न्यूयॉर्क टाइम्सच्या डेव्हिड सेगल या पत्रकाराने एका जाणकाराकडून तपास करवला, तेव्हा दिसलं की कपड्यांशी काहीही संबंध नसलेल्या हजारो पानांवर या दुकानाच्या लिंक पेरलेल्या आहेत.

फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलला हे कळवण्यात आलं. त्यानंतरचे आकडे त्या बातमीत दिलेत. १ फेब्रुवारीला ५९ शब्दांसाठी या दुकानाचा सरासरी क्रमांक १.३ होता. १० फेब्रुवारीला तो ५२ झाला. दहा दिवसांत! या लिंक आपल्या परवानगीने लावलेल्या नाहीत, असं कंपनीने सांगितलं आणि ज्या संस्थेला वेबसाइटचं काम दिलं होतं तिला काढून टाकलं. लिंक कुणी का लावेना, क्रमांक गेला तो दुकानाचाच.

पुढे २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला. कृत्रिम लिंकवर वर आलेल्या वेबसाइट त्याने झपाट्याने खाली आणल्या. २०१६ च्या सप्टेंबरपासून पेंग्विन गुगलच्या मुख्य यंत्रणेचाच भाग झाला आणि त्याची रीतही थोडी बदलली. आता बहुतेक वेळा पूर्ण साइटला शिक्षा न करता अशा लिंककडे सरळ दुर्लक्ष होतं. प्रकार फारच उघड असेल तर गुगलची माणसं स्वतः कारवाई करतात, ते वेगळं.

माझे साडेतीन हजार रुपये

हे दुर्लक्ष म्हणजे काय, ते मी स्वतः बघितलंय. सांगायला लाज वाटते, पण २०१८ मध्ये मीही लिंक विकत घेतल्या होत्या. फोनवरचा माणूस फार गोड बोलायचा. साडेतीन हजारात आठशे लिंक. आठवड्यात एक्सेल शीट आली, आठशे ओळींची. मी घरात सगळ्यांना दाखवली! मग एका रविवारी एकेक लिंक उघडून बघायला बसले. रशियन भाषेतला जुगार, वजन कमी करायच्या गोळ्या, बुटांची दुकानं, आणि त्यांच्या खाली प्रतिक्रियांत 'बेस्ट मराठी निबंध' असं माझ्या ब्लॉगचं नाव. पहिली तीसेक पानं बघून मी लॅपटॉप बंद केला.

तीन महिने वाट बघितली. वाचकसंख्या जिथे होती तिथेच. त्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, गुगलला वेळ लागतो." नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

त्याच वर्षी आठवीच्या मुलांनी एक प्रकल्प केला होता. शाळेजवळच्या विहिरीच्या काठापासून पाणी किती खोल आहे, ते दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून मोजायचं. मी तो तक्ता सहज ब्लॉगवर टाकला आणि दर महिन्याला त्यात एक ओळ वाढवत गेले. दीड वर्षाने बघते तर एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने त्याची लिंक दिलेली. मग पाणीटंचाईवरच्या एका लेखात आली. नंतर एका अभ्यासकाच्या पानावर. एकूण लिंक तीन. पण माझ्या ब्लॉगवर गुगलवरून येणारे वाचक त्यानंतर वाढले, आणि ते निबंधांच्या पानांवरही येऊ लागले. सगळं श्रेय त्या तीन लिंकना देणार नाही, गुगल इतरही खूप गोष्टी बघतं. पण आठशे लिंकनी काही केलं नाही, हे तर नक्की.

मग त्या मुलाने काय करावं?

आता आपल्या होमस्टेवाल्याकडे येऊ. तुझ्याकडे असं काय आहे जे दुसऱ्याकडे नाही, हे मी त्याला विचारलं. "समुद्र," म्हणाला. समुद्र तर सगळ्यांकडे आहे रे!

मग आम्ही फोनवरच यादी केली. खेड स्टेशनला उतरल्यावर दापोलीला कसं यायचं, तिथून गावात येणारी शेवटची एसटी किती वाजता, ती चुकली तर रिक्षावाले साधारण किती घेतात. ही माहिती मुंबई-पुण्याच्या माणसाला हवी असते आणि गावातल्या माणसाशिवाय ती ताजी ठेवणार कोण? दुसरं, भरती-ओहोटी. तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. लहान मुलांना घेऊन किनाऱ्यावर कधी जावं, कधी मुळीच जाऊ नये, हे महिन्याच्या तक्त्यात दिलं तर प्रवासावर लिहिणारे लोक त्या पानाची लिंक आपणहून देतील. सहलीची माहिती लिहिणाऱ्यांना 'असा तक्ता केलाय, उपयोग झाला तर बघा' असा साधा मेल पाठवायलाही हरकत नाही. उत्तर दहातून एकाचं येईल.

'तू माझी लिंक दे, मी तुझी देतो' हे मात्र सरसकट करू नये. शेजारच्या खानावळीची लिंक पाहुण्यांच्या सोयीसाठी देणं ठीक. क्रमांकासाठी पन्नास जणांशी अदलाबदल करणं गुगलच्या नियमात बसत नाही. तसंच जाहिरातीसाठी पैसे देऊन लिंक घ्यायला मनाई नाही, फक्त तिला वर सांगितलेली 'स्पॉन्सर्ड' खूण हवी.

आणि होमस्टेसाठी एक गोष्ट लिंकच्याही आधी करायला हवी : गुगल मॅपवर आपल्या जागेची नोंद. ती फुकट असते. तिथे खरे फोटो, फोन नंबर आणि खरोखर राहून गेलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय हवेत. त्याने ती केलीच नव्हती! वेबसाइटवाल्याने सांगितलं नाही म्हणे.

ज्यांनी आधीच लिंक विकत घेतल्या आहेत त्यांनी घाबरू नये. गुगल सर्च कन्सोलमध्ये तुमची साइट जोडली असेल तर 'लिंक्स' नावाचा अहवाल उघडा. तुमची लिंक कोण कोण देतं, ते त्यात दिसतं. नको त्या लिंक नाकारण्यासाठी 'डिसअव्हाउ' हे साधन २०१२ पासून आहे, पण गुगलकडून कारवाईची सूचना आलेली नसेल तर त्याच्या वाटेला जायची गरज सहसा पडत नाही.

काल रात्री त्याचा मेसेज आला. अठरा हजार दिलेले नाहीत. गावातल्या एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो पाठवलाय आणि खाली लिहिलंय, 'बाई, यातल्या दोन गाड्या बंद झाल्यात, ते पण लिहू का?'

लिहीच म्हटलं, आणि कोणत्या तारखेला बघून लिहिलंस तेही टाक.