‘लाइट ऑफ एशिया’ : एका बुद्धचरित्राचा परदेशप्रवास

धम्माच्या अभ्यासवर्गाला येणारे विद्यार्थी पुष्कळदा विचारतात, की अमेरिकेतल्या लोकांना भगवान बुद्ध प्रथम कोणी सांगितले? एका वाक्यात याचे उत्तर देता येत नाही. मॅक्स म्युलर, ऱ्हिस डेव्हिड्स यांच्यासारख्या पंडितांनी मूळ ग्रंथांची भाषांतरे केली हे खरे. परंतु ती बहुतांशी विद्वानांच्या टेबलावरच राहिली. सामान्य अमेरिकन कुटुंबाच्या घरात तथागत पोचले ते एका इंग्रज पत्रकाराने लिहिलेल्या काव्यातून. त्या काव्याचे नाव ‘द लाइट ऑफ एशिया’ आणि कवीचे नाव सर एडविन अर्नॉल्ड.

अर्नॉल्ड यांचा आपल्या महाराष्ट्राशी निकटचा संबंध आला होता. १८३२ साली जन्मलेला हा ऑक्सफर्डचा पदवीधर १८५७ च्या सुमारास पुण्याच्या सरकारी कॉलेजचा प्राचार्य म्हणून आला. पुढे ज्याला डेक्कन कॉलेज म्हणू लागले तेच हे कॉलेज. त्या काळी ते विश्रामबाग वाड्यात भरत असे. येथे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. ‘हितोपदेशा’चे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये निघाले. त्याच वर्षी ते लंडनला परतले आणि ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकात नोकरीस लागले. वृत्तपत्राचे काम म्हणजे रात्रंदिवसाची धावपळ. अशा कामातून मिळालेल्या फुरसतीच्या थोड्याथोडक्या वेळात हे काव्य लिहिले, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. स्पेन्स हार्डी यांच्या सिंहली परंपरेवरील ग्रंथाचा त्यांना विशेष उपयोग झाला. आठ सर्गांचे हे काव्य १८७९ मध्ये लंडनच्या ट्रुब्नर कंपनीने प्रसिद्ध केले. सिद्धार्थाच्या जन्मापासूनची ही सारी कथा एक कल्पित बौद्ध उपासक सांगतो आहे, अशी त्याची मांडणी आहे.

इंग्लंडमध्ये पुस्तकाचे स्वागत चांगले झाले. परंतु अमेरिकेत जे घडले ते कोणाच्याच हिशेबात नव्हते. अर्नॉल्ड यांच्या दुसऱ्या पत्नी अमेरिकन होत्या आणि सासरे विल्यम हेन्री चॅनिंग हे उदारमतवादी ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांच्या स्नेह्यांपैकी ब्रॉन्सन अल्कॉट या वृद्ध विचारवंताने पुस्तकाचा कैवार घेतला आणि बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स यांनी त्याच वर्षी अमेरिकन आवृत्ती काढली. जॉर्ज रिप्ले या नामवंत समीक्षकाने त्यावर अनुकूल लिहिले. डॉक्टर आणि लेखक म्हणून घरोघर ठाऊक असलेल्या ऑलिव्हर वेन्डेल होम्स यांनी तर एका नियतकालिकात तब्बल २६ पानांचे परीक्षण लिहिले. एका काव्यपुस्तकाला २६ पाने! आपल्याकडे पुस्तकपरिचयाला अर्धा रकाना मिळाला तरी लेखक धन्य होतो.

मग आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघू लागल्या. अभ्यासकांच्या गणनेप्रमाणे इंग्लंडमध्ये सुमारे ६० आणि अमेरिकेत सुमारे ८० आवृत्त्या निघाल्या. एकट्या अमेरिकेत पाच ते दहा लाख प्रती खपल्या असाव्यात. बँकेत रोज आकड्यांशी संबंध येत असल्याने माझ्या मनात साहजिकच प्रश्न आला, की लेखकाला यातून मिळाले किती? उत्तर असे, की खपाच्या मानाने फारच थोडे. परदेशी लेखकाच्या स्वामित्वहक्काला संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत १८९१ पर्यंत नव्हता. कोणीही उठावे आणि इंग्रजी पुस्तक छापून विकावे. लेखकाचे नुकसान झाले, पण स्वस्त प्रती निघाल्यामुळे पुस्तक गरिबाच्याही हाती लागले. अधिकृत महाग आवृत्तीवर ते अवलंबून राहिले असते तर इतके पसरले असते असे मला वाटत नाही.

अर्थात केवळ स्वस्त आहे म्हणून कोणी काव्य वाचत नाही. यादवी युद्ध संपून पंधरा वर्षेही झाली नव्हती. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये येऊन गेला होता आणि बायबलातील सृष्टीच्या उत्पत्तीची कथा शब्दशः खरी मानणे सुशिक्षितांना जड जात होते. नीती हवी, करुणा हवी, पण चमत्कार आणि नरकाची भीती नको, असे म्हणणारा एक मोठा वर्ग तयार झाला होता. अशा वाचकासमोर कोणत्याही सृष्टिकर्त्याचा आधार न घेता दुःखाचे कारण शोधणारा महापुरुष उभा राहिला. निर्वाण म्हणजे निव्वळ शून्य, असे त्या काळचे कित्येक युरोपीय पंडित सांगत. मानवजातीचा एवढा मोठा भाग पोकळ शून्यावर श्रद्धा ठेवील हे शक्यच नाही, असे अर्नॉल्ड यांचे मत होते, आणि त्यांच्या काव्यातले निर्वाण शांतीचे आहे. शिवाय भाषा वाचकाच्या कानाला बायबलची आठवण करून देणारी. येशूच्या जीवनाशी साम्य दिसावे अशा जागा काव्यात पुष्कळ आहेत. अमेरिकन वाचकाला परका बुद्ध ओळखीचा वाटला तो यामुळे.

हेच साम्य धर्मोपदेशकांना खटकले. १८८४ मध्ये विल्किन्सन यांनी अर्नॉल्डच्या काव्यावर आणि त्यातील ‘अख्रिस्ती’ विचारांवर हल्ला चढवणारे पुस्तक लिहिले, तर भारतात मिशनरी म्हणून राहिलेल्या केलॉग यांनी १८८५ मध्ये बुद्ध आणि ख्रिस्त यांची तुलना करून खंडन केले. एका कवितेला उत्तर देण्यासाठी ग्रंथ लिहावे लागतात यावरूनच तिचा शिरकाव किती खोल झाला होता हे कळते. गंमत अशी, की अर्नॉल्ड यांनी १८९१ मध्ये येशूवर ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’ हे काव्य लिहिले, ते मात्र पहिल्यासारखे चालले नाही.

या पुस्तकाची प्रसिद्धी पुन्हा भारताकडे वळली, ही गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १८८५-८६ च्या भारतयात्रेत अर्नॉल्ड बोधगयेला गेले. महाविहार त्या वेळी शैव महंतांच्या ताब्यात होता. बोधिवृक्षाची काही पाने घेऊ का, असे त्यांनी विचारले तेव्हा तेथील पुजाऱ्याने हवी तेवढी तोडा, आम्हांला त्याचे काय, अशा अर्थाचे उत्तर दिले. तीच पाने श्रीलंकेत नेली तेव्हा तेथील बौद्धांना ती अमोल वाटली. महाविहार बौद्धांच्या हाती यावा असे अर्नॉल्ड यांनी ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लिहिले. ते वाचलेले अनागारिक धर्मपाल जानेवारी १८९१ मध्ये बोधगयेस आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कोलंबो येथे महाबोधी सभेची स्थापना झाली. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत धर्मपाल बोलले. तेथील अनेक श्रोत्यांनी बुद्धाचे नाव आधी अर्नॉल्डच्या काव्यातच वाचलेले असणार. परतताना होनोलुलूला भेटलेल्या मेरी फॉस्टर यांनी पुढे महाबोधी सभेला मोठे अर्थसाहाय्य केले. बोधगयेचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९४९ च्या कायद्याने नेमलेल्या व्यवस्थापन समितीत जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि चार हिंदू, चार बौद्ध सभासद अशी रचना झाली, आणि २०२५ मध्येही भिक्खूंना या कायद्याविरुद्ध उपोषणाला बसावे लागले.

एवढे उपकार मान्य करूनही या काव्यातले बुद्ध हे पूर्ण बुद्ध आहेत काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अमेरिकेने ज्यांच्यावर प्रेम केले तो राजपुत्र म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून व्याकूळ होतो आणि घर सोडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आरंभीच या कथेला हरकत घेतली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत वृद्ध, आजारी किंवा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता हे बुद्धीला कसे पटावे? बाबासाहेबांच्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा तंटा होतो. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतात आणि संघाशी झालेल्या संघर्षातून गृहत्याग घडतो. स्वतः बाबासाहेबांच्या हाती शाळकरी वयात आलेले बुद्धचरित्रही इंग्रजी नव्हते. ते दादा केळुस्करांचे मराठी पुस्तक होते, आणि दादांनी ते स्वतः भेट दिले होते.

ज्या विद्यार्थ्यांना इंग्रजी वाचण्याचा सराव करायचा असेल त्यांनी ‘लाइट ऑफ एशिया’चा चौथा सर्ग घ्यावा, महाभिनिष्क्रमणाची रात्र त्यात आहे. नंतर बाबासाहेबांच्या ग्रंथातील पहिल्या खंडात सिद्धार्थ यशोधरेचा निरोप घेतात तो भाग काढावा. अर्नॉल्डची यशोधरा त्या घटकेला झोपलेली आहे. बाबासाहेबांची यशोधरा जागी आहे, सर्व ऐकून घेते आणि संमती देते. पुढच्या अभ्यासवर्गात चर्चेला ही दोन पाने पुरतील.