टू-स्ट्रोक मशीन : पेट्रोलमध्ये ऑइल किती आणि कसं मिसळायचं?



हळवा भात कापणीला आला की ग्रास कटर बाहेर निघतो. ऐन कापणीत मशीन जाम झालं तर भात शेतात आणि आपण मेकॅनिकच्या दारात. बहुतेक वेळा चूक मिश्रणात असते. म्हणून पाच मिनिटं काढून हा मेसेज वाचा.

*ऑइल का लागतं?*
टू-स्ट्रोक इंजिनात मोटरसायकलसारखं वेगळं इंजिन ऑइल नसतं. पेट्रोलमधून जाणारं ऑइलच पिस्टन आणि बेअरिंगला वंगण देतं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन घासून जाम होतो. जास्त झालं तर धूर, काळा प्लग, चोंदलेला सायलेन्सर. 'थोडं जास्त टाकलं तर बरंच' हा समज चुकीचा आहे.

*आधी हे तपासा*
पेट्रोलच्या टाकीशिवाय ऑइलचं वेगळं झाकण आहे का? असेल तर मशीन बहुधा फोर-स्ट्रोक. त्यात साधं पेट्रोलच घाला. खात्री पुस्तिकेवरून करा.

*प्रमाण (१ लिटर पेट्रोलला)*
▪️ १:२५ – ४० मिली
▪️ १:४० – २५ मिली
▪️ १:५० – २० मिली

हिशोब सोपा : १००० ला प्रमाणाच्या आकड्याने भागा. प्रमाण कुठलं ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत असतं. शेजाऱ्याच्या मशीनचं प्रमाण आपल्याला चालेलच असं नाही.

*मिसळायची पद्धत*
१) मशीनच्या टाकीत मिसळू नका. पेट्रोलसाठीचा वेगळा, स्वच्छ कॅन घ्या.
२) अर्धं पेट्रोल, मग मोजून टू-टी ऑइल. झाकण लावून हलवा.
३) उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा.
४) मशीन भरण्याआधी दरवेळी कॅन हलवा. टाकीत गाळणीतूनच ओता.

बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजू नका. मेडिकलमधली २० मिलीची सिरिंज घ्या, फक्त याच कामाला ठेवा. फवारणीचं माप वापरू नका.

*ऑइल कुठलं?*
फक्त टू-टी. गाडीचं इंजिन ऑइल, जळकं ऑइल अजिबात नको. खाडीकाठच्या सभासदांनी लक्षात घ्या : होडीच्या पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाला टी.सी.-डब्ल्यू ३ लिहिलेलं ऑइल लागतं. ग्रास कटरचं ऑइल त्याला नाही.

*साठवण*
आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी वाढलं की ते इथेनॉलसह तळाला बसतं आणि मशीन सुरू होत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत लागेल तेवढंच मिश्रण करा, महिनाभरात संपवा. कॅनवर तारीख आणि प्रमाण लिहा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

⚠️ *चुकून साधं पेट्रोल भरलं तर?*
मशीन लगेच बंद करा. टाकी रिकामी करून मिश्रण भरा, मगच सुरू करा. ओळख : बहुतेक टू-टी ऑइलला रंग असतो, त्यामुळे मिश्रण रंगीत दिसतं.

इंजिन थंड झाल्यावर, उघड्यावर भरा. जवळ बिडी-सिगारेट, चूल नको. कॅन मुलांच्या हाती लागू देऊ नका.

प्रमाण सापडत नसेल तर मशीनच्या नावपट्टीचा फोटो या नंबरवर पाठवा किंवा खोपट कार्यालयात विचारा. घरात मशीन चालवणाऱ्याला हा मेसेज नक्की दाखवा. 🙏